उपयोजित कूटशास्त्राचा गौरव : लेव्हचिन पुरस्कार आणि चेन्नई

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला आणि अंकीय स्वाक्षरीस कागदावरील स्वाक्षरीइतकीच कायदेशीर मान्यता मिळाली. परंतु स्वाक्षरी करणारी व्यक्ती तीच आहे, याची हमी कोणी द्यावयाची? त्यासाठी कायद्याने प्रमाणन प्राधिकारी आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारा नियंत्रक अशी रचना केली. फेब्रुवारी २००२ मध्ये देशातील असा पहिला परवाना चेन्नई येथील ‘सेफस्क्रिप्ट’ या कंपनीस मिळाला. त्याच वर्षी केंद्र शासनाच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाच्या पुढाकाराने ‘सेट्स’ ही इलेक्ट्रॉनिक व्यवहार व सुरक्षा यांविषयी संशोधन करणारी संस्थाही चेन्नईतच स्थापन झाली. कूटशास्त्र गणितज्ञांच्या वहीतून बाजारपेठेत उतरते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेण्यास हे शहर सोयीचे आहे.

अंकीय स्वाक्षरीचे तत्त्व लहान संख्यांवर तपासून पाहता येते. ३ आणि ११ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार ३३. ३३ आणि ३ या संख्या सर्वांना जाहीर करावयाच्या. ही सार्वजनिक किल्ली. ७ ही संख्या मात्र स्वतःजवळ गुप्त ठेवावयाची; ही खासगी किल्ली. समजा, संदेश ४ आहे. ४ चा सातवा घात १६,३८४. त्यास ३३ ने भागल्यास बाकी १६ उरते. ही झाली स्वाक्षरी. आता कोणीही १६ चा घन करावा. तो ४,०९६ येतो आणि त्यास ३३ ने भागल्यास बाकी पुन्हा ४ उरते. संदेश जुळला, म्हणजे स्वाक्षरी खरी. ३३ चे अवयव शोधून ७ पर्यंत पोहोचणे शाळकरी मुलासही जमेल. परंतु प्रत्यक्षात वापरली जाणारी संख्या सहाशेहून अधिक अंकी असते आणि तिचे अवयव आजच्या संगणकांना काढता येत नाहीत. रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या या पद्धतीसाठी त्यांना २००२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

सिद्धांत आणि उपयोजन यांतील अंतर येथेच दिसते. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे निश्चितपणे व वाजवी वेळेत ठरविणारी रीत शोधली. २००६ चा गोडेल पुरस्कार त्यांना लाभला आणि तो सर्वथा योग्यच होता. तरीही किल्ल्या तयार करताना संगणक आजही संभाव्यतेवर आधारलेली जुनी रीतच वापरतात, कारण ती फार वेगवान आहे आणि तिच्यातील चुकीची शक्यता नगण्य करता येते. सिद्धांताचे मोल त्यामुळे कमी होत नाही. मात्र व्यवहाराची कसोटी वेगळी असते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

या दुसऱ्या कसोटीवर उतरणाऱ्या कामासाठी पेपॅल कंपनीचे एक संस्थापक मॅक्स लेव्हचिन यांनी २०१५ मध्ये पुरस्कार सुरू केला. ‘रिअल वर्ल्ड क्रिप्टो’ या परिषदेत तो दिला जातो; आरंभी दरवर्षी दोन पुरस्कार व प्रत्येकी दहा हजार डॉलर असे त्याचे स्वरूप होते. ट्युरिंग पुरस्काराच्या दहा लाख डॉलरपुढे ही रक्कम किरकोळच. पण मानकऱ्यांची यादी पाहण्यासारखी आहे. २०१६ मध्ये फिलिप रोगावे, २०१७ मध्ये ‘सिग्नल’ संदेशपद्धतीचे रचनाकार मॉक्सी मार्लिनस्पाइक व ट्रेव्हर पेरिन, २०१९ मध्ये मिहिर बेल्लारे. बेल्लारे यांनी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये मांडलेली एचमॅक ही संदेश पडताळणीची पद्धत आज जगभर वापरात आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक निवड २०१८ ची. त्या वर्षी हा मान ‘ओपनएसएसएल’च्या चमूला मिळाला. संकेतस्थळ आणि ग्राहक यांच्यातील संवाद कूटबद्ध करणारी ही आज्ञावली विनामूल्य असून जगातील असंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यात ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला. एक संगणक दुसऱ्यास ‘जागा आहेस ना?’ असे विचारताना काही अक्षरे पाठवतो व तीच परत मागतो. अक्षरांची सांगितलेली संख्या खरी आहे का, हे तपासणेच राहून गेले होते. त्यामुळे खोटी, मोठी संख्या सांगणाऱ्यास सर्व्हरच्या स्मृतीतील मजकूर, प्रसंगी खासगी किल्लीसुद्धा, मिळू शके. दोन वर्षे हे कोणाच्या लक्षात आले नाही. त्या काळात या प्रकल्पास वर्षाला मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर होत्या! अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्या ती आज्ञावली वापरत होत्या. देखभालीचा खर्च दुसरा कोणी करील, असे प्रत्येकीने गृहीत धरले होते. सार्वजनिक वस्तूबाबतची फुकट लाभार्थींची समस्या पाठ्यपुस्तकात दीपगृहाच्या उदाहरणाने शिकवतात. माझ्या मते हे उदाहरण अधिक बोलके आहे. दोषानंतर मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला, आज्ञावलीची साफसफाई झाली. पुरस्कार मिळाला तो या डागडुजीला, नव्या शोधाला नव्हे.

भारतात कूटशास्त्राचे विद्यापीठीय अंग दुबळे नाही. २००० पासून भरणारी ‘इंडोक्रिप्ट’ ही आंतरराष्ट्रीय परिषद २००४, २००७ व २०११ मध्ये चेन्नईत झाली. शोधनिबंधांवर बढत्या मिळतात, डागडुजीवर क्वचितच. आणि आता डागडुजीचे काम मोठेच होणार आहे. पुरेसा समर्थ क्वांटम संगणक अवयव काढण्याचे गणित झपाट्याने सोडवील, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखविले. अशा संगणकासमोर टिकतील अशी पहिली प्रमाणके अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केली. आपल्या राष्ट्रीय क्वांटम अभियानासाठी एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर झाले असून त्यातील क्वांटम संप्रेषणाचे केंद्र चेन्नईच्या आयआयटी मद्रासकडे आहे. नवी उपकरणे तेथे घडतील. परंतु बँका, न्यायालये आणि करविभाग यांच्या संगणकांत गेली वीस वर्षे रुजलेल्या जुन्या किल्ल्या एकेक करून शोधणे व बदलणे हे काम निराळ्याच माणसांना करावे लागेल, आणि त्यांच्या पगाराची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली करावयाची, हे प्रत्येक विभागाला आपापल्या अंदाजपत्रकात ठरवावे लागेल.