फायनलचं तिकीट पंचांना कोण देतं?

2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत महिला विश्वचषकाच्या फायनलमध्ये हरमनप्रीतने शेवटचा झेल टिपला आणि मध्यरात्रीच्या सुमारास देशभर फटाके वाजायला लागले. पुढे आठवडाभर त्या झेलावर, शफालीच्या 87 धावांवर आणि दीप्तीच्या पाच बळींवर भरभरून लिहिलं गेलं आणि ते रास्तच आहे. त्या रात्री मैदानात आणखी दोघी होत्या, त्यांची फारशी चर्चा झाली नाही. जमैकाच्या जॅकलीन विल्यम्स आणि ऑस्ट्रेलियाच्या एलॉइज शेरिडन या अंतिम सामन्याच्या मैदानी पंच. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उभं राहायला मिळणं, पंचाच्या कारकिर्दीत याहून मोठं काही नाही. हा मान त्यांना मिळाला कसा?

या स्पर्धेसाठी आयसीसीने 14 पंच आणि चार सामनाधिकारी नेमले होते. महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकात सगळ्याच्या सगळ्या जबाबदाऱ्या महिलांकडे असण्याची ही पहिलीच वेळ. त्या 14 जणींत तिघी भारतीय होत्या: मुंबईच्या वृंदा राठी, एन. जननी आणि गायत्री वेणुगोपालन. सामनाधिकाऱ्यांमध्ये जी. एस. लक्ष्मी होत्या. आपल्या देशाच्या सामन्यात पंचगिरी करायची नाही, हा विश्वचषकाचा नियम. त्यामुळे 30 ऑक्टोबरला जेमिमाने ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं, तेव्हा त्याच रात्री या चौघींचा अंतिम सामन्याचा रस्ताही बंद झाला आणि शेरिडन यांचा उघडला. आदल्या दिवशी दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडला हरवलं होतं. त्यामुळे लॉरेन एगेनबाग आणि केरिन क्लास्ते या आफ्रिकन पंचही बाहेर पडल्या होत्या. अंतिम सामन्याच्या पंचांची नावं उपांत्य फेरी आटोपल्यावर जाहीर होतात, ती यासाठीच. गुण कितीही असले तरी पहिली चाळणी पासपोर्टची असते.

या चाळणीचा सगळ्यात मोठा फटका बसला तो ऑस्ट्रेलियाच्या सायमन टॉफेल यांना. 2004 ते 2008 अशी सलग पाच वर्षं आयसीसीचा सर्वोत्तम पंचाचा पुरस्कार त्यांच्याकडे होता. त्या काळात जगात त्यांच्याइतका अचूक पंच नव्हता, याबद्दल खेळाडूंचंही दुमत नव्हतं. पण 2007 च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत गेली आणि टॉफेल यांना बाजूला बसावं लागलं. 2011 मध्ये अहमदाबादच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाला हरवलं, तेव्हा कुठे वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात अलीम दार यांच्यासोबत टॉफेल उभे राहिले. स्वतःचा देश हरल्यावरच पंचाला सगळ्यात मोठी संधी मिळते, असा हा विचित्र हिशेब आहे.

इंग्लंडच्या रिचर्ड केटलबरो यांच्याबद्दल आपल्याकडे जो समज पसरला आहे, त्याचंही उत्तर याच हिशेबात सापडतं. 2014 ची ढाक्याची टी-20 फायनल, 2015 ची सिडनीची आणि 2016 ची वानखेडेवरची उपांत्य लढत, 2017 ची ओव्हलची फायनल, 2019 ची मँचेस्टरची उपांत्य लढत आणि 2023 ची अहमदाबादची फायनल. भारत हरला आणि प्रत्येक वेळी मैदानात केटलबरो होते. लोकांनी त्यांना पनवती ठरवून टाकलं. खरं कारण अगदी साधं आहे. 2013 पासून सलग तीन वर्षं ते सर्वोत्तम पंच होते, या सहाही सामन्यांत इंग्लंड खेळत नव्हता आणि भारत वारंवार बाद फेरी गाठत होता. पात्र पंचांमध्ये अव्वल माणूस निवडला की तो भारताच्याच वाट्याला येणार. 2024 मध्ये बार्बाडोसला भारताने टी-20 विश्वचषक जिंकला, तेव्हा तिसरे पंच केटलबरोच होते. ते मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

त्रयस्थ पंचांची ही कल्पना क्रिकेटमध्ये रुजली, त्यात एका ठाणेकराचा वाटा आहे. 1986 मध्ये लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडिज यांच्यातल्या कसोटीसाठी इम्रान खानच्या आग्रहावरून दोन भारतीय पंच बोलावले गेले. एक व्ही. के. रामस्वामी आणि दुसरे पिलू रिपोर्टर. राज्य वीज मंडळात नोकरी करणाऱ्या रिपोर्टर यांनी पाकिस्तानात जाऊन पाकिस्तानच्या सामन्यात पंचगिरी केली. घरच्या पंचांवर पक्षपाताचे आरोप होण्याचे ते दिवस, त्यामुळे तो निर्णय धाडसाचाच होता. पुढे 1994 पासून कसोटीत एक पंच त्रयस्थ असणं सक्तीचं झालं आणि 2002 पासून दोन्ही. त्याच वर्षी आयसीसीचं एलिट पॅनेल आलं. रिपोर्टर 2023 मध्ये गेले, तेव्हा त्यांच्यावर चार ओळींहून जास्त लिहिलं जायला हवं होतं.

विश्वचषकाला मात्र सुरुवातीला हा नियम नव्हता. 1979 च्या अंतिम सामन्यात इंग्लंड खेळत होता आणि डिकी बर्ड व बॅरी मेयर हे दोन्ही पंच इंग्लंडचे होते. यजमान 92 धावांनी हरले. सप्टेंबर 2025 मध्ये 92 व्या वर्षी निवर्तलेल्या बर्ड यांच्या सचोटीबद्दल कधी कुणी शंका घेतली नाही.

पासपोर्टची चाळणी पार केल्यानंतर गुणवत्तेचा विचार होतो. प्रत्येक निर्णय व्हिडिओवर पुन्हा तपासला जातो. सामनाधिकारी अहवाल देतात, कर्णधार आपलं मत नोंदवतात आणि पंचांचे प्रशिक्षक हे सगळं एकत्र बघतात. एलिट पॅनेलची फेरनिवड दरवर्षी होते. 2020 मध्ये इंदूरच्या नितीन मेनन यांना पॅनेलवर घेणाऱ्या समितीत जेफ ॲलरडाइस, रंजन मदुगले, डेव्हिड बून यांच्याबरोबर आपले संजय मांजरेकर होते.

चुकीची किंमतही याच नेमणुकांमधून वसूल होते. 2007 च्या बार्बाडोसच्या फायनलमध्ये किमान 20 षटकं झाली असल्याने अंधुक प्रकाशात थांबलेला सामना तिथेच संपला आहे, हे पंचांच्या ध्यानात आलं नाही आणि त्यांनी जवळजवळ अंधारात उरलेली षटकं खेळायला लावली. स्टीव्ह बकनर आणि अलीम दार यांच्यासह पाचही अधिकाऱ्यांना त्या वर्षीच्या पहिल्यावहिल्या टी-20 विश्वचषकापासून दूर ठेवलं गेलं. उलट उदाहरण 2019 चं. उपांत्य सामन्यात कुमार धर्मसेना यांनी जेसन रॉयला चुकीचं बाद दिलं, तरी तीनच दिवसांनी लॉर्ड्सच्या फायनलला तेच उभे होते. बेन स्टोक्सच्या बॅटला लागून चेंडू सीमापार गेला, तेव्हा धर्मसेना यांनी सहा धावा दिल्या. टॉफेल यांच्या मते पाचच द्यायला हव्या होत्या. विश्वचषकाचा निकाल ज्या सामन्यात सुपर ओव्हरवर आणि नंतर चौकारांच्या मोजणीवर गेला, त्यात त्या एका धावेचं मोल काय होतं ते वेगळं सांगायला नको. धर्मसेना यांची नेमणूक कोणत्या गुणांवर झाली आणि दुसरं कोण शर्यतीत होतं? आयसीसीने फक्त नावं जाहीर केली.

माझा खरा आक्षेप इथे आहे. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या अमेरिकन फुटबॉलसाठीसुद्धा याहून जास्त मोकळेपणा असतो. तिथे प्रत्येक राज्याची शालेय क्रीडा संघटना बाद फेरीचे पंच आपापल्या पद्धतीने निवडते. इलिनॉयसारख्या राज्यात प्रशिक्षकांनी दिलेले गुण, नियमांची परीक्षा आणि पंचाची श्रेणी मिळून क्रमवारी लागते. कशाला किती वजन आहे, हे पंचाला आधीच ठाऊक असतं. त्या पद्धतीतही दोष आहेत. हरलेला प्रशिक्षक पंचाला चांगले गुण देईलच, असं नाही. 2014 मध्ये ओक्लाहोमात एका बाद फेरीच्या सामन्यात शेवटचं मिनिट उरलेलं असताना पंचांनी नियम चुकीचा लावून डग्लस हायस्कूलचा 58 यार्डांचा टचडाउन रद्द केला. संघटनेने चूक कबूल केली. प्रकरण न्यायालयात गेलं, पण सामना पुन्हा खेळवायला न्यायाधीशांनी नकार दिला. लॉर्ड्सवर असो की ओक्लाहोमात, बाद फेरीत पंचाची चूक नंतर दुरुस्त होत नाही. म्हणून त्याची निवड कशी झाली, हे खेळाडूंना आणि प्रेक्षकांना आधीच कळायला हवं.

आपल्याकडे खालच्या पायरीवरची चाळणी किती बारीक आहे, ते बघा. 2022 मध्ये बीसीसीआयने अहमदाबादला महिला आणि ज्युनियर सामन्यांच्या पंचांसाठी परीक्षा घेतली. 200 पैकी 90 गुणांची अट होती. बसले सुमारे 140 आणि उत्तीर्ण झाले तिघं. त्यातला एक प्रश्न असा होता: पॅव्हिलियनची, झाडाची किंवा क्षेत्ररक्षकाची सावली खेळपट्टीवर पडतेय आणि फलंदाज तक्रार करतोय, तर काय कराल? पॅव्हिलियनच्या किंवा झाडाच्या सावलीकडे लक्ष द्यायचं नाही. क्षेत्ररक्षकाला मात्र जागेवर स्थिर राहायला सांगायचं, नाहीतर डेड बॉल द्यायचा. दुसरा प्रश्न गोलंदाजाचा. त्याच्या बोटाला खरोखरची जखम आहे आणि पट्टी काढली तर रक्त येईल. तरी गोलंदाजी करायची असेल तर पट्टी काढावीच लागेल, हे उत्तर. नियम पाठ असून इथे भागत नाही, ऐन वेळी ते सुचावे लागतात.

वृंदा राठी अशाच परीक्षा देत वर आल्या. 2013 च्या महिला विश्वचषकात त्या स्कोअरर होत्या. तिथे न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस यांना त्यांनी पाहिलं आणि पंचगिरीची वाट धरली. जानेवारी 2023 मध्ये गोव्यात पर्वरीला गोवा-पुदुच्चेरी रणजी सामन्यात त्या उभ्या राहिल्या. त्याच फेरीत जननी आणि गायत्रीही होत्या. रणजीत महिला मैदानी पंच दिसण्याची ती पहिलीच वेळ होती. तिथून तीन वर्षांच्या आत त्या एकदिवसीय विश्वचषकात पोहोचल्या.

त्रयस्थतेचा नियम लगेच मोडीत काढा, असं मी म्हणणार नाही. तो संघाइतकाच पंचाचंही रक्षण करतो. भरलेल्या स्टेडियममध्ये यजमान कर्णधाराला पायचीत द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच शहरात भाजी आणायला जायचं, हे सोपं नाही. पण करोनाकाळात 2020 पासून कसोटी सामन्यांत घरचेच पंच उभे राहिले, सोबतीला डीआरएसची एक जादा संधी दिली गेली आणि क्रिकेट काही बुडालं नाही. म्हणजे नियमावर चर्चा व्हायला नक्कीच जागा आहे.

या चर्चेला आधार मात्र आकड्यांचाच हवा. या विश्वचषकात राठी गुणांवर कितव्या होत्या? पहिल्या दोघींत असून भारत जिंकल्यामुळे त्या बाहेर राहिल्या, की सातव्या होत्या आणि तशीही संधी नव्हती? पहिलं खरं असेल तर नियम फेरविचाराच्या लायक आहे. दुसरं असेल तर विल्यम्स आणि शेरिडन यांना मिळालेला मान निखळ गुणांचा आहे आणि ते त्यांच्या श्रेयासाठी तरी जगाला कळायला हवं.  पुरुषांच्या विश्वचषकातही भारत पुढे गेला की नितीन मेनन यांच्यासमोर हाच प्रश्न उभा राहतो. फलंदाजांची, गोलंदाजांची क्रमवारी आयसीसी नियमितपणे जाहीर करते. बाद फेरीच्या पंचांची नावं जाहीर करताना त्यांचे गुणही सोबत द्यावेत, पुढच्या स्पर्धेपासूनच.