बाहेरून बारावी

रविवारी सकाळी परळच्या एका वाचनालयात आमचं टेबल लागतं. पंख्याखाली पेपर वाचणारे आजोबा, आणि त्यांच्या पलीकडच्या बाकावर मांडीवर प्लास्टिकच्या फायली घेऊन बसलेली आमची मंडळी. कोणी इस्पितळात आया, कोणी हॉटेलच्या किचनमध्ये, कोणी दिवसभर पार्सलं पोचवणारा. मध्येच एखादी आई बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलीला घेऊन येते. सगळ्यांना बारावी करायची असते, कॉलेजच्या वर्गात न बसता, आणि पुढे पदवीला प्रवेश हवा असतो. आम्ही शिकवत नाही, फॉर्म भरायला मदत करतो. सांगायला काम किरकोळ आहे.

रोज वर्गात बसणाऱ्या मुलाला पत्ताही नसतो, की ऑफिसातला क्लार्क त्याच्यासाठी वर्षभर काय काय उरकत असतो. बोर्डाला नाव कळवणं, आईचं नाव तपासणं, परीक्षेचा फॉर्म मुदतीत भरणं, तोंडीचे गुण पाठवणं, शेवटी दाखल्यावर सही-शिक्का. बाहेरून बसणाऱ्याला अभ्यास करायचाच आहे, वर हा क्लार्कही त्यानेच व्हायचं आहे. माझ्या पाहण्यातले बरेच जण अकाउंट्समध्ये नाही, इथे नापास होतात.

राज्य मंडळाच्या वाटेचं दार म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. तो ऑनलाइन भरायचा, जवळचं एखादं कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून निवडायचं, शुल्क भरायचं, मग प्रिंट आणि मूळ कागद त्या कॉलेजात नेऊन द्यायचे. पुढे मंडळाकडून नावनोंदणी प्रमाणपत्र येतं आणि लोकांना वाटतं, झालं काम. ते झालेलं नसतं. परीक्षेचं आवेदनपत्र वेगळं असतं, त्याची मुदत वेगळी आणि पैसेही वेगळे. प्रमाणपत्र देवापुढे ठेवून मार्चची वाट पाहत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. दुसरा खड्डा वीस गुणांचा. भाषांची आणि कॉमर्सच्या विषयांची लेखी परीक्षा 80 गुणांची असते, उरलेले 20 तोंडीचे किंवा प्रकल्पाचे. ‘ताई, मी तर घरून करतोय, माझी तोंडी कोण घेणार?’ हा प्रश्न दर हंगामात येतो. संपर्क केंद्राचं कॉलेज घेतं, पण ते बोलवायला घरी येत नाही. नोटीस बोर्ड बघायला आपणच जायचं.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो शाळा सोडल्याचा दाखला. इस्पितळातल्या आयाबाईंचा दाखला खेड तालुक्यातल्या एका शाळेचा. त्यांच्या नवऱ्याने मोठ्या काळजीने तो लॅमिनेट करून आणला होता. चार घड्यांची रेघ जावक क्रमांकावरून गेलेली, आणि तो आकडा तीन आहे की आठ, हे आता प्लास्टिकच्या आत कायमचं बंद झालेलं. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दाखल्यात आईचं नाव ‘सुमन’ आणि दहावीच्या मार्कशीटवर इंग्रजीत शेवटी एक ए जास्त. आम्ही तिन्ही कागद एका ओळीत मांडले आणि मी त्यांना म्हटलं, ‘बारावी माहेरच्याच नावाने करा.’ त्या जरा बिचकल्या. ‘घरी काय सांगू?’ मी म्हटलं, सांगा की बोर्ड दहावीच्या मार्कशीटमागून चालतं. नाव बदलायचं तर गॅझेट करून, सगळं झाल्यावर. वाटेत बदललं की दहावीची बाई वेगळी आणि बारावीची वेगळी, आणि पदवीच्या खिडकीवर दोघींना एक ठरवता ठरवता नाकी नऊ येतात. शाळेला पत्र लिहून जावक क्रमांक पडताळून घेतला. मूळ दाखला हरवलाच असेल, तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र चालतं. सांगायला एक वाक्य, पण त्यासाठी गावी एक खेप होते आणि पगारातले दोन दिवस जातात.

संध्याकाळी ज्याला मोकळीक आहे, त्याला मी सरळ रात्रीच्या ज्युनिअर कॉलेजात पाठवते. तिथल्या शिकवण्याबद्दल लोकांची मतं बरी-वाईट आहेत, पण तिथे ऑफिस आहे आणि ऑफिसात माणूस आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1855 साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. गिरण्यांच्या मुंबईत रात्रशाळा रुजल्या, आजही तग धरून आहेत. ज्याची ड्युटी फिरती आहे त्याला मात्र त्याही परवडत नाहीत.

अशांसाठी दुसरी वाट मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएस. 1979 मध्ये सीबीएसईचा एक प्रकल्प म्हणून हे सुरू झालं, 1989 मध्ये स्वतंत्र संस्था झाली, 2002 पासून आजचं नाव. पाच विषय, त्यात किमान एक भाषा. एकदा नोंदणी केली की पाच वर्षं आणि नऊ संधी. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. झेपेल तसा एकेक विषय सोडवावा. मला यातली सर्वांत शहाणपणाची सोय वाटते ती आधीच्या मंडळात पास झालेले दोन विषयांपर्यंतचे गुण सोबत आणण्याची. हॉटेलातल्या मुलाचं तसंच झालं. राज्य मंडळाच्या बारावीत तो इंग्रजी आणि इकॉनॉमिक्समध्ये सुटला होता, बाकीच्यात गचकला आणि सोडून दिलं. ती दोन घेऊन त्याने तीनच विषय नव्याने दिले. स्वाध्यायाच्या वह्या, म्हणजे टीएमए, रात्री साडेबारानंतर कांद्याच्या गोण्यांवर बसून लिहिल्या. एका पानावर तेलाचा डाग होता. ते पान पुन्हा लिहू का, असं त्याने मला फोन करून विचारलं.

पण ही वाट सोपी आहे असं सांगणारे एजंट स्टेशनबाहेर पत्रकं वाटतात. ‘घरबसल्या बारावी, पास गॅरंटी.’ काही जण तर भलत्याच नावाच्या मंडळाचं गुळगुळीत प्रमाणपत्र हातात ठेवतात, आणि विद्यापीठाच्या खिडकीवर गेल्यावर उजेड पडतो. अशा फायली बघताना मला फार राग येतो, आणि त्या माणसासमोर तो दाखवता येत नाही.

खऱ्या मंडळाचं प्रमाणपत्र घेऊन गेलं तरी सगळं सुरळीत होतंच असं नाही. बॅडमिंटनवाल्या मुलीबरोबर मी एका कॉलेजच्या खिडकीवर उभी होते. क्लार्क म्हणाले, ‘एल.सी. द्या.’ म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. तिच्याकडे एल.सी. नव्हती, कारण ती कुठल्या कॉलेजात गेलीच नव्हती. मुक्त विद्यालय मार्कशीटबरोबर स्थलांतर आणि दाखला मिळून एकच प्रमाणपत्र देतं. ते पुढे केलं. ‘हे मायग्रेशन झालं. एल.सी.?’ आम्ही मथळ्यातल्या दोन्ही शब्दांवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, आतल्या मॅडमना दाखवलं आणि घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या छापील यादीत त्या कागदाला रकाना नव्हता, एवढंच. शिवाय राज्य मंडळाबाहेरच्या मुलांना विद्यापीठाकडून पात्रता करून घ्यावी लागते, तोवर प्रवेश तात्पुरता. आणि निकालाची गंमत वेगळीच: राज्य मंडळाचा निकाल मे-जूनच्या सुमारास लागून गुणवत्ता याद्या सुरू होतात, मुक्त विद्यालयाचा त्यामागून येतो. तोवर चांगल्या कॉलेजच्या पहिल्या याद्या लागलेल्या असतात.

डॉक्टरकीच्या बाबतीत तर प्रकरण कोर्टापर्यंत गेलं होतं. 2018 च्या सुरुवातीला वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि मुक्त विद्यालयातून किंवा खाजगीरीत्या बारावी केलेल्यांना ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा बंद झाली. त्याच मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आणखी एक गाठ सोडवली. ज्यांनी बारावीला जीवशास्त्र घेतलं नव्हतं, त्यांनी मान्यताप्राप्त मंडळातून तो जादा विषय म्हणून नंतर पास केला, तरी नीट देता येते. एका विषयासाठी बाहेरून बसणारी मुलं आता आमच्या टेबलावरही येतात. राज्य मंडळाच्या भाषेत हे तुरळक विषयवाले.

आयटीआयवाल्यांची सोय मात्र कोणाला फारशी ठाऊक नसते. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्या मुलाला आयटीआयचे गुण मंडळाकडे वर्ग करून, भाषेचे विषय देऊन बारावीचं प्रमाणपत्र मिळवता येतं. फिटर झालेल्या मुलाला हे सांगितलं की तो आधी खोटंच समजतो. उलट ज्यांनी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी करून बी.ए. केलं आहे, ते विचारतात, ‘म्हणजे माझी बारावी झालीच ना?’ नाही झालेली. ती वाट त्या विद्यापीठाच्या पदवीकडे नेण्यासाठी होती. नोकरीच्या जाहिरातीत बारावी मागितली की यांची धावपळ सुरू होते. हे त्यांना प्रवेशाच्या वेळीच कोणी ठणकावून सांगायला हवं होतं.

हॉटेलातला मुलगा पास झाला. बी.कॉम.च्या खिडकीवर त्याला शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र मागितलं. नोटरीकडे टाइप केलेला ठरावीक मजकूर असतो: मधल्या काळात कुठेही प्रवेश घेतला नाही, कोणत्याही गुन्ह्यात अडकलो नाही. त्याने मला विचारलं, ‘नोकरीचं लिहू? काहीच करत नव्हतो असं वाटतं हे वाचून.’ मागितलेलं नाही, पण लिहायला हरकत नाही, असं मी म्हटलं. त्याने हॉटेलचं नाव, किचनमधलं काम आणि सुरू केल्याचा महिना घालून घेतला. नोटरीने जादा ओळीचे पैसे लावले नाहीत. कॉलेजने प्रतिज्ञापत्र ठेवून घेतलं आणि पात्रतेच्या अर्जाला जोडायला त्याची आणखी एक झेरॉक्स मागितली.