पासबुकातले वीस रुपये

घरातलं पासबुक जरा काढा आणि मे अखेरच्या नोंदी पाहा. २० किंवा ४३६ रुपये वजा दिसतात का? बँकेनं उगीच कापले, अशी कुरकूर पुष्कळजण करतात. पण बहुधा तो तुमच्याच विम्याचा हप्ता असतो.

मध्यंतरी वढू बुद्रुकला पाचट व्यवस्थापनाची बैठक होती. बैठक उठल्यावर एक ताई थांबल्या. मालक भीमेवरची मोटर चालू करायला गेले आणि शॉक लागून दगावले, त्याला पाच महिने झाले होते. पासबुकात २० रुपयांची नोंद होती. पण विमा आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. उशिराचं कारण लिहून अर्ज भरला, पण कागद गोळा करताना ताईंची फार ओढाताण झाली.

तेव्हा नीट समजून घ्या. २० रुपयांची ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख, अंशतः अपंगत्वास १ लाख. ४३६ रुपयांची ती जीवन ज्योती. यात १८ ते ५० वयात नाव घालता येतं आणि मृत्यू कोणत्याही कारणानं झाला तरी २ लाख मिळतात. मात्र नवीन नाव घातल्यावर पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूच धरला जातो. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. मे अखेरीस खात्यात शिल्लक नसेल तर विमा तुटतो. आणि चार बँकांत चार खाती असली तरी विमा एकदाच मिळतो, बरं का!

जनधन खात्याच्या रुपे कार्डावरही अपघात विमा आहे. पण अपघाताआधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं हवं. कार्ड ट्रंकेत ठेवून उपयोग नाही.

याशिवाय राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिला हप्ताच नाही. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि नाव नसलेला घरातला एक माणूस, वय १० ते ७५, दोघांनाही लाभ आहे. मृत्यूनंतर २ लाख मिळतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याला शिरूरला द्यायचा.

सगळी गाडी अडते ती कागदावर. शॉक लागला, कुणी बुडालं तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. सर्पदंश झाला तर लगेच दवाखान्यात नेल्याची नोंद लागते. मांत्रिकाकडे नेलं तर जीवही जातो आणि कागदही राहत नाही. पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी भाऊसाहेबांना विनंती, की पंचनामा, मृत्यूचा दाखला आणि सहा-क ची वारस नोंद दुःखातल्या घराला हेलपाटे न घालता मिळावी.

शेवटचं, नॉमिनीचं. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर अजून वडिलांचंच नाव असतं. ते बदलून घ्या. आणि बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी हा पैसे उचलणारा असतो, मालक नव्हे. वारसांचा हक्क कायम राहतो.

आज दिवेलागणीला पासबुक घेऊन कारभारणीजवळ बसा. कुठे खातं, कोणता विमा, नॉमिनी कोण, हे एका वहीत लिहा. आणि ती वही कुठे ठेवली, तेही तिला सांगा.