येमेनी सरड्याची प्रकृतिपरीक्षा

येमेनच्या पश्चिमेकडील डोंगरउतारांवर आणि त्यांना लागून असलेल्या सौदी अरबस्तानच्या नैर्ऋत्य मुलखात डोक्यावर उंच अस्थिमय तुरा मिरविणारा जो हिरवा सरडा राहतो, आणि ज्याला पाश्चात्य प्राणिशौकीन व्हेल्ड शॅमेलिऑन म्हणून ओळखतात, तो बंदिवासात सहज वीण देत असल्यामुळे गेल्या काही दशकांत अमेरिकेतील व युरोपातील अनेक घरांत जाऊन पोहोचला आहे. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांनीही त्याचा हट्ट धरावा, हे स्वाभाविकच होय. आपल्याकडील घोयरा सरडा हा त्याचाच सगोत्र. परंतु त्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे अभय असल्याने तो पकडणे अथवा पाळणे हा गुन्हा ठरतो. परदेशी जातींचेही आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्टांत नाव असल्यामुळे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर भारतात असा प्राणी बाळगणाऱ्याने सरकारदरबारी त्याची रीतसर नोंद करणे बंधनकारक झाले आहे. तेव्हा पुढील विवेचन ज्यांच्या घरी असा प्राणी कायदेशीरपणे आलेला आहे, त्यांच्याकरिता आहे.

या प्राण्याच्या शुश्रूषेतील सर्वांत मोठी अडचण अशी की, तो आपले दुखणे लपवितो. रानात शिकाऱ्याची नजर प्रथम दुबळ्या जिवावर पडते, म्हणून अंगातली शक्ती ओसरत चालली तरी शेवटच्या टप्प्यापर्यंत फांदी घट्ट धरून सर्व काही ठीक असल्याप्रमाणे बसून राहणे, हा त्याच्या रक्तात भिनलेला स्वभाव आहे. आणि मालकाच्या जेव्हा लक्षात येते तेव्हा व्याधी बहुधा कित्येक आठवड्यांची जुनी झालेली असते. म्हणूनच रोगांची नावे पाठ करण्यापूर्वी आपला सरडा निरोगी असताना कसा दिसतो, याचे बारकाईने अवलोकन करणे हीच खरी विद्या होय, असे माझे ठाम मत आहे.

सकाळी दिवा लागताच तो अंग चपटे करून, काळपट झालेली एक कूस उजेडाकडे वळवून बसतो; ऊब भरली की रंग उजळतो, दोन्ही डोळे आपापल्या दिशेने स्वतंत्रपणे फिरू लागतात, आणि पुढच्या पायाची तीन बोटे आतून व दोन बाहेरून फांदीला चिमट्यासारखी आवळून तो भक्ष्याच्या शोधार्थ निघतो. रंग म्हणजे प्रकृतीचा जाहीरनामा, हा रूढ समज मात्र अर्धाच खरा. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनचा अभ्यास करून जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की, त्याच्या त्वचेतील काही पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. प्राणी शांत असता ते निकट राहून निळा प्रकाश परावर्तित करतात, आणि तो प्रक्षुब्ध होताच त्यांच्यातील अंतर वाढून पिवळा-नारिंगी प्रकाश उमटतो. सारांश, काळवंडणे हे थंडीचे, भीतीचे किंवा रागाचेही चिन्ह असू शकते. पण अंग तापल्यानंतरही दिवसभर तोच मलूल रंग राहिला, तर ती बाब गंभीर मानावी. त्याहूनही गंभीर लक्षण म्हणजे भर दिवसा मिटलेले डोळे, कारण निरोगी शॅमेलिऑन उजेड असेतो झोपत नाही.

पाण्याच्या बाबतीत नवख्या माणसाची हमखास फसगत होते. वाटीतले स्थिर पाणी या प्राण्याला सहसा पाणी म्हणून उमगतच नाही. पानावरून ओघळणारा थेंबच तो चाटतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ झाडोऱ्यावर बारीक तुषार उडविण्याची आणि ठिबकत राहणाऱ्या पाण्याची तजवीज करावी लागते. विष्ठेबरोबर पडणारा मूत्रक्षाराचा खडा पांढराशुभ्र असेल तर पाणी पुरेसे आहे. तो पिवळा-नारिंगी झाला, किंवा नेत्रगोल खोल गेले, तर शरीर शुष्क होत चालले आहे असे समजावे. याउलट पिंजरा सदासर्वदा ओलसर आणि कोंदट ठेवला, तर फुप्फुसांना जंतुसंसर्ग होतो. मान वर करून आ वासणे, श्वासाबरोबर टकटक आवाज येणे, तोंडाशी फेस दिसणे ही त्याची लक्षणे. दिव्याखाली अति तापलेला सरडाही तोंड उघडतो, पण सावलीत जाताच तो ते मिटतो.

सर्वांत अधिक सरडे जायबंदी होतात ते मात्र प्रकाशाच्या हयगयीमुळे. अतिनील किरणांपैकी यूव्हीबी हा भाग अंगावर पडल्याखेरीज त्यांच्या त्वचेत ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, ते नसले तर अन्नातील कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग शरीर ते हाडांतून काढून घेऊ लागते. पुढचा पाय धनुष्यासारखा वाकतो, जबडा मऊ पडतो, पकड सुटते, जीभ भक्ष्यापर्यंत पोहोचत नाही. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामी निरुपयोगी आहे, कारण काच नेमके तेच किरण अडविते. आणि यूव्हीबी दिवा डोळ्यांना लख्ख दिसत असला तरी त्याचे सामर्थ्य हळूहळू क्षीण होत जात असल्याने तो सहा ते बारा महिन्यांत बदलावा. वाकलेली हाडे उपचारानेही बहुधा पूर्ववत होत नाहीत. याबरोबरच रातकिड्यांना आधी दिवसभर ताजी पालेभाजी खाऊ घालून, त्यांवर फॉस्फरसविरहित कॅल्शियमची भुकटी भुरभुरून मगच ते द्यावेत. काजवा मात्र कदापि देऊ नये, अमेरिकेत त्याच्या विषाने पाळीव सरडे दगावले आहेत. उष्णतेचा दिवा पिंजऱ्याबाहेर ठेवावा, कारण पाठ भाजेपर्यंत हा प्राणी तेथून हलत नाही.

मादीची कैफियत निराळी. नराचा सहवास कधीच न लाभलेली मादीसुद्धा अंडी धरते, एका वेळी डझनावारी, आणि भरपूर खाऊ घातले तर त्याहून अधिक. म्हणून तिचा आहार व ऊब माफक ठेवणे हेच तिच्या दीर्घायुष्याचे साधन. सुमारे ३० सेंटिमीटर खोल ओलसर वाळूचे पात्र पिंजऱ्यात हवे. ती तळाशी येऊन अस्वस्थपणे खणू लागली तर तिला एकांत द्यावा. पण खणून थकून, अंडी न घालताच डोळे मिटून पडून राहिली, तर अंडी अडकली असे समजून त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा, येथे दिरंगाई प्राणघातक ठरते.

सुजलेले सांधे, फुगलेली मान, सुजून चिकटलेल्या पापण्या, दुर्गंधीयुक्त विष्ठा यांपैकी काहीही आढळले तरी घरगुती औषधयोजना न करता पशुवैद्य गाठावा. एरवीही दर आठवड्याला स्वयंपाकघरातील ग्रॅम दाखविणाऱ्या काट्यावर त्याचे वजन करून तारखेनिशी टिपून ठेवावे. सतत घटत जाणारा आकडा डोळ्यांना काही दिसण्याआधीच सूचना देतो, आणि वैद्यालाही ही नोंदवही मोलाची वाटते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले पशुवैद्य थोडेच असतात. त्यांचा शोध प्राणी घरी आणण्यापूर्वीच घ्यावा, आणि ताज्या विष्ठेचा नमुना बरोबर घेऊन पहिली भेट सरडा ठणठणीत असतानाच करावी.