परसातील लवकर फळणारी झाडे

शहरात परस उरला आहे तो फार थोड्या घरांना. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि जेथे घरामागे वीस-पंचवीस फूट जमीन अजून शिल्लक आहे तेथेही बहुधा फरशी घातलेली दिसते. झाड का लावीत नाही, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते. भाडेकरू म्हणतो, फळ येईपर्यंत आम्ही येथे असू कशावरून? निवृत्त गृहस्थ म्हणतात, आता आमचे वय झाले. लावायचे आम्ही आणि खायचे कोणी? या उत्तरामागे एक गैरसमज आहे, आणि प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. झाडाला फळ धरण्यास लागणारा काळ सगळीकडे सारखा नसतो. तो मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो : झाड कशाचे आहे, आणि ते बीपासून वाढविले आहे की फांदीपासून.

बीपासून उगवलेल्या प्रत्येक झाडाला बालपण असते. त्या काळात ते कितीही जोमाने वाढो, त्याला कितीही खत घाला, ते फुलत नाही. कोयीपासून वाढलेल्या आंब्याचे हे बालपण सहा-सात वर्षे, कित्येकदा त्याहूनही अधिक टिकते. कागदी लिंबाचे चार-पाच वर्षे. परंतु झाड एकदा वयात आले, म्हणजे ते वय त्याच्या फळणाऱ्या फांदीतही उतरलेले असते. ती फांदी दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बसविली, किंवा तिलाच मुळे फुटू दिली, तर होणारे झाड उंचीने हातभर असले तरी वयाने प्रौढ असते. कलम केल्याने झाडात काही नवी शक्ती येते, अशी पुष्कळांची समजूत आहे. तसे काही नाही. त्याचे बालपण चुकते, इतकेच. शिवाय फळ आईसारखेच निघते. बीच्या झाडाबाबत अशी खात्री सहसा देता येत नाही.

याचे उत्तम उदाहरण पुण्यातलेच आहे. गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी १९२७ साली 'अलाहाबाद सफेदा' पेरूच्या बीपासून वाढलेल्या झाडांमधून एक झाड निवडले. तेच पुढे 'लखनौ-४९' म्हणून आणि नंतर 'सरदार' या नावाने देशभर पसरले. आज आपल्या परसात सरदार पेरूचे खरे कलम असेल, तर ते त्या एका झाडाच्या फांदीच्या फांदीची फांदी आहे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते फळू लागते ते त्यामुळेच.

असे कलम घरीही करता येते, व त्याला खर्च जवळजवळ नाही. पावसाळ्यात पेरूची, डाळिंबाची किंवा लिंबाची पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी निवडावी आणि तिच्यावरील साल बोटाच्या पेराएवढ्या रुंदीत गोल सोलून काढावी. पाणी लाकडातून वर चढते, म्हणून फांदी सुकत नाही. पानांनी तयार केलेले अन्न मात्र सालीतून खाली उतरते, ते सोललेल्या जागेशी अडते आणि साठते. तेथे ओले शेवाळ गुंडाळून वर प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधला, की साधारण महिना-दीड महिन्यात मुळे फुटलेली कागदातून दिसू लागतात. मग फांदी खालून कापून कुंडीत, सावलीत ठेवावी. यालाच गुटी कलम म्हणतात. अंजिराला आणि तुतीला तर एवढाही खटाटोप नको. त्यांची नुसती काडी जमिनीत रोवली तरी ती जीव धरते. पुरंदरच्या अंजिराला परागीकरणाची गरज लागत नाही, म्हणून परसात एकटे झाडही फळ देते. पावसाळ्यात पानांवर तांबेरा पडतो, तेवढे जपावे लागते.

रोपवाटिकेत जाणाऱ्यांना एक सूचना. पिशवीतच फळे लागलेले रोप पाहून मोहात पडू नये. असे रोप पुष्कळदा पिशवीत फार दिवस अडकून पडलेले असते, त्याची मुळे तळाशी वेटोळी घालून बसलेली असतात, आणि जमिनीत लावल्यावर ते वर्षानुवर्षे खुरटलेले राहते. फळाऐवजी कलमाचा सांधा पाहावा. तो नीट जुळलेला, स्पष्ट दिसणारा असावा, आणि त्याच्या खालून, म्हणजे खुंटातून, फूट आलेली नसावी.

आता ज्यांचे बालपणच काही महिन्यांचे असते, त्यांच्याकडे वळू. यांत पहिला मान पपईचा. मूळची मध्य अमेरिकेची ही पाहुणी पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली आणि घरचीच झाली. लावल्यापासून वर्षाच्या आत-बाहेर तिची फळे पिकू लागतात. अडचण अशी की रोप नर आहे की मादी, हे फुलल्यावाचून कळत नाही. लांब लोंबत्या देठांवर फुलांचे घोस आले की तो नर. खोडाशी लगटून मोठे फूल आले की ती मादी. म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून, फुले आल्यावर नको ती काढण्याची पद्धत आहे. मात्र लहान परसात ज्यांच्या एकाच फुलात दोन्ही लिंगे असतात अशा तैवानी जातींची रोपे आणणे आम्हांस अधिक सोयीचे वाटते. पपई उंचवट्यावर लावावी. बुडाशी पाणी साचले की खोड कुजते, आणि कालपर्यंत फळांनी लगडलेले झाड आडवे होते.

केळीचे उलट. तिला पाणी हवेच, म्हणून आपल्या घरांत मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू लावण्याची रीत होती. आजच्या धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र तिला देऊ नये. त्यातील सोडियमने जमीन आवळत जाते. ठेंगणी बसराई वाऱ्याला टिकते. लावताना तलवारीसारख्या अरुंद पानांचा मुनवा घ्यावा, आणि पुढे एका केळीजवळ एकच मुनवा वाढू द्यावा. शेवग्याच्या शेंगेला कोणी फळ म्हणत नाही. पण सहा-आठ महिन्यांत आमटीत पडणारी ही देणगी कोणी नाकारू नये. त्याचे लाकूड ठिसूळ असल्याने शेंडा वेळीच खुडून झाड कंबरेच्या उंचीपासून पसरू द्यावे.

या घाईची किंमतही असते. केळ एकदाच विते आणि संपते. पपई दोन-तीन वर्षांत उंच, रोगट आणि कंजूष होते. मावा किडीने पसरणाऱ्या विषाणूने गाठले तर त्याआधीच. नुसत्या अशा झाडांचा परस दर तिसऱ्या वर्षी पुन्हा मोकळा होतो. यास्तव आमचे मत असे की, जागा असेल तेथे परसाच्या मध्यावर आंब्याचे एक कलम लावावे, आणि त्याचा विस्तार होईपर्यंतची भोवतालची मोकळी जमीन पपईला व केळीला द्यावी. कलमाला पहिल्याच वर्षी मोहोर येईल. तो काढून टाकावा, पुढची दोन-तीन वर्षेही काढावा. घरातली मुले याला सहजी कबूल होत नाहीत. त्यांना तोवर पपई आहे.

लागवड पावसाळ्यात करायची असली, तरी खड्डे खणायचे ते वैशाखातच. दिवसातून सहा तास ऊन पडते अशी जागा पाहावी. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा पेरू-डाळिंबाला पुरतो. आंब्याला तीन फुटांचा हवा. शहरात बहुधा खालून विटांचे तुकडे आणि चुन्या-सिमेंटचा राडारोडाच निघतो. तो सगळा बाहेर काढावा, पुन्हा आत लोटू नये. दोन-तीन आठवडे खड्डा तापू द्यावा. मग चांगली माती आणि कुजलेले शेणखत मिसळून तो जमिनीच्या चार बोटे वर येईल असा भरून ठेवावा. पहिल्या पावसात माती तेवढी खाली बसते.