खिळ्याविना खण: छोट्या गावातील सुतारासाठी डोव्हटेलचा धंदा

सोलापूर-विजापूर रस्त्याच्या पट्ट्यात, सीना आणि भीमा या नद्यांच्या मधल्या भागात मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील मोठे गाव आहे. येथे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा कानावर पडतात. अशा गावातील सुताराचे पूर्वीचे काम म्हणजे बाभळीचा नांगर, कुळव, तिफण आणि बैलगाडी. लोखंडी अवजारे आणि ट्रॅक्टर आले तसे ते काम आटले. मग दारे, खिडक्या, पलंग व कपाटे यांवर धंदा चालू राहिला. आता तेथेही शहरातील शोरूमचे तयार फर्निचर येऊन उभे राहिले आहे.

पार्टिकल बोर्डाच्या कपाटाशी किमतीत स्पर्धा करणे गावातील कारागिराला परवडणारे नाही. त्याने स्पर्धा करायची ती टिकाऊपणात, आणि हा टिकाऊपणा गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसला पाहिजे. त्यासाठी लाकूडकामात एक जुना आणि खात्रीचा उपाय आहे. तो म्हणजे डोव्हटेल सांधा.

सांधा कसा धरतो?

डोव्हटेल म्हणजे पारव्याची शेपटी. एका फळीच्या टोकाला टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या शेपट्या कापतात आणि दुसऱ्या फळीत त्यांना बसतील असे दाते ठेवतात. दुकानातील गल्ल्याचा खण दिवसातून शंभर वेळा ओढला जातो. खिळ्याने ठोकलेला खण वर्षभरात ढिला होतो आणि एक दिवस त्याची दर्शनी फळी हातात येते. डोव्हटेलमध्ये खणाच्या बाजूच्या फळ्यांवर शेपट्या असतात. त्या पुढच्या बाजूला रुंद असल्यामुळे कितीही ओढले तरी दर्शनी फळी सुटून येत नाही. खिळा लागत नाही. फेव्हिकॉल असतो, पण जोर लाकूडच पेलते.

हा सांधा फार जुना आहे. प्राचीन इजिप्तच्या पेट्यांतही तो सापडतो. लाकडात लाकूड गुंतवण्याच्या कलेत मुस्लिम कारागीरही मागे नव्हते. बैतुल मक्दिसच्या मस्जिदे अक्सातील प्रसिद्ध मिंबर सुलतान नूरुद्दीन जंगी यांच्या आदेशाने हलबच्या कारागिरांनी बनवला होता आणि ११८७ च्या विजयानंतर सुलतान सलाहुद्दीन यांनी तो तेथे नेऊन बसवला. त्याचे असंख्य तुकडे खिळे व सरस न वापरता एकमेकांत गुंतवलेले होते. १९६९ मध्ये लावलेल्या आगीत तो जळाला. त्याच पद्धतीने जॉर्डनमध्ये तयार केलेला नवा मिंबर २००७ मध्ये तेथे बसवण्यात आला. आठशे वर्षे टिकलेले काम केवळ लाकडाच्या पकडीवर उभे होते, ही गोष्ट आपल्या कारागिरांनी लक्षात ठेवावी.

हात आणि यंत्र

हाताने डोव्हटेल कापायला बारीक दात्यांची करवत, धारदार पटाशी आणि गुण्या एवढे पुरते. मऊ लाकडात शेपटीचा उतार सहास एक आणि सागवान-शिसमसारख्या कठीण लाकडात आठास एक ठेवण्याची रीत आहे. पण हात बसायला वेळ लागतो आणि दहा खणांचे काम आले की दिवस पुरत नाही.

येथे यंत्र कामाला येते. १८६७ साली अमेरिकेत चार्ल्स नॅप यांनी खणाचे सांधे कापणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यांचा सांधा डोव्हटेलही नव्हता. अर्धगोल नक्षी आणि मधोमध गोल खुंटी अशी त्याची रचना होती. दिसायला तो सुंदर होता आणि तेथील कारखान्यांनी हजारो खण तसे बनवले. पण १९०० च्या सुमारास तो मागे पडला. गिऱ्हाइकाला हाताच्या डोव्हटेलसारखा दिसणारा सांधा हवा होता आणि तोवर तोही यंत्रावर निघू लागला होता. नक्षी कितीही चांगली असली तरी गिऱ्हाइकाची आवड आधी पाहावी, हा धडा त्यात आहे.

आज हेच काम हातात मावणारे राउटर मशीन करते. डोव्हटेल बिट आणि जिग, म्हणजे साचा, एवढे जोडीला लागते. साच्याच्या फटींमधून राउटरचा गाइड बुश फिरतो आणि बिट तेवढेच लाकूड कापते. खणासाठीच्या साध्या साच्यात दोन्ही फळ्या एकदम आवळून एकाच फेरीत शेपट्या आणि त्यांच्या खाचा कापता येतात. दोन्ही बाजूंनी दिसणारा आरपार सांधा हवा असेल तर शेपट्यांना डोव्हटेल बिट आणि दात्यांना सरळ बिट लागते.

पहिला सांधा टाकाऊ फळीवर काढावा. खणाच्या साच्यात सांधा ढिला बसला तर बिट किंचित खाली उतरवावे, फार घट्ट बसला तर किंचित वर घ्यावे. एकदा माप जमले की त्या मापाचा लाकडी ठोकळा करून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी जुळवाजुळव करावी लागत नाही.

पहिला साचा घरीच बनवा

विदेशी साचे उत्तम असतात, पण महाग असतात. त्याची सुरुवातीला गरज नाही. शोभेच्या डोव्हटेलचा एक प्रकार एका बिटावर आणि घरी केलेल्या साच्यावर होतो.

प्रथम पेटीचे चारही कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. दोन सरळ फळ्या काटकोनात जोडून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची पन्हळ बनवा. तिच्या तळाशी बिटासाठी फट ठेवा. राउटर टेबलाखाली उलटा बसवा, म्हणजे बिट त्या फटीतून वर येईल. पेटीचा कोपरा पन्हळीत बसवून पन्हळ पट्टीच्या आधाराने बिटावरून सरकवली की कोपऱ्यात शेपटीच्या आकाराची खाच पडते. फळी १२ मिलिमीटर जाड असेल तर कोपऱ्यातील तिरके अंतर सुमारे १७ मिलिमीटर भरते. म्हणून खाच १० मिलिमीटरपेक्षा खोल नेऊ नये, नाहीतर ती आतून दिसेल.

मग त्याच बिटाने गडद लाकडाची पट्टी दोन्ही कडांनी घासून खाचेत सरकेल एवढी करा. तुकडे चिकटवा, वाळल्यावर जादा भाग कापा आणि रंधा कोपऱ्याकडून आतल्या दिशेने चालवा. उलट चालवला तर कोपऱ्याच्या चिंध्या निघतात. सागवानाच्या पेटीला शिसमाच्या शेपट्या बसल्या की रंग न देताच ती उठून दिसते. कुरआन ठेवण्याची पेटी, अत्तराची पेटी आणि दुकानाचा गल्ला या तीन वस्तूंपासून सुरुवात करता येईल.

काही सावधगिरी आवश्यक आहे. डोव्हटेल बिट खाली रुंद असते, त्यामुळे ते फिरत असताना खाचेतून वर उचलू नये. बाजूने बाहेर काढावे किंवा मशीन थांबवावे. पूर्ण खोलीची खाच या बिटाने एकाच फेरीत होते, म्हणून आधी सरळ बिटाने जास्तीचे लाकूड काढून घेतले तर बिटावर ताण पडत नाही. विजेचा दाब कमी असताना काम थांबवलेले बरे. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क हवाच. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेले आहे.

धंद्याचा हिशेब

एकच खण करायचा असेल तर सराव असलेला हात मशीनपेक्षा लवकर मोकळा होतो, कारण साचा जुळवण्यातच वेळ जातो. दहा खण असतील तर मशीन पुढे जाते. म्हणून एकेक नग न घेता एकाच मापाच्या कामाचे गठ्ठे करावेत. समजा बिट आणि साचा मिळून तीन हजार रुपये लागले आणि वर्षात शंभर खण झाले, तर खणामागे तीस रुपये पडतात. तेवढे दरात धरले पाहिजेत. कित्येक कारागीर हे धरत नाहीत आणि बिट झिजले की खिशातून भरतात.

भांडवलासाठी व्याजाच्या कर्जाकडे वळण्याआधी दुसरे मार्ग पाहावेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या व्हाउचरची तरतूद तिच्यात आहे. ही रक्कम परत करायची नसते. योजनेतील कर्जाचा भाग मात्र व्याजाचा आहे, हे समजून घ्यावे. नोंदणीची सध्याची स्थिती सीएससी केंद्रात विचारावी.

दुसरा मार्ग आपल्या फिक्हमध्येच आहे. त्याला इस्तिस्ना म्हणतात. वस्तू बनवून देण्याचा करार करायचा आणि गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम घ्यायची. लाकूड, माप, सांध्याचा प्रकार, किंमत आणि मुदत हे सर्व आधी ठरवावे आणि लिहून ठेवावे. उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहेच.

ओले धान्य वर

हदीसमध्ये आले आहे की, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. आपल्या धंद्यात ओले धान्य म्हणजे सागवानाच्या पातळ पापुद्र्याखाली दडवलेला पार्टिकल बोर्ड आणि पुट्टीखाली बुजवलेले खिळे.

डोव्हटेलचा खण उघडला की सांधा समोर दिसतो. तेथे लपवायला जागा नसते. तरीही मशीनचे काम हाताचे म्हणून विकू नये. हाताच्या कामात दाते अगदी निमुळते ठेवता येतात. मशीनच्या दात्यांना बिटाच्या मानेएवढी तरी जाडी राहतेच, त्यामुळे जाणकार ते ओळखतो. कोपऱ्यात नंतर बसवलेल्या शेपट्यांनाही पूर्ण डोव्हटेल म्हणू नये. दोन्हींचे दर वेगळे सांगावेत. गिऱ्हाईक त्यावर नाराज होत नाही, उलट पुढच्या वेळी तेच दुसऱ्याला घेऊन येते.

प्रेषित जकरिया (अ.) सुतार होते, असे हदीसमध्ये नमूद आहे. या पेशाला याहून मोठी सनद कोणती हवी? मंद्रूपसारख्या गावातील आपल्या बांधवांनी एका गल्ल्याच्या खणापासून आरंभ करावा आणि तो आपल्याच दुकानात वर्षभर वापरून पाहावा. येणाऱ्या प्रत्येकाला तो उघडून दाखवावा. इन्शाअल्लाह, जाहिरातीचा खर्च करावा लागणार नाही.