मेंदूतरंगांची साक्ष: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डोक्याला तारा जोडल्या की मनातले विचार पडद्यावर उमटतात, हा मेंदू-संगणक जोडणीविषयीचा सर्वांत रुजलेला गैरसमज होय. फीट येते म्हणून गोव्यातील पाळी गावाहून बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, गेलेल्या रुग्णाचा ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख, ज्या तत्त्वावर काढला जातो, त्याच तत्त्वावर ही जोडणी उभी आहे. आणि त्या आलेखात कुणाचे गुपित उमटत नाही. हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये मानवी मेंदूचा असा पहिला आलेख नोंदविला. टाळूवर मिळणारा हा संकेत साधारण 10 ते 100 मायक्रोव्होल्टचा, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या मापात मोजावा लागणारा असतो, शिवाय तो असंख्य चेतापेशींचा एकत्रित असून कवटीतून येताना आणखी पुसट होतो. गोव्यातील शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेचा कोलाहल वेशीबाहेरून ऐकणाऱ्याला गर्दी चढली की ओसरली एवढे समजते, कोण काय बोलले ते समजत नाही, तसाच हा प्रकार आहे.

मग बोलू न शकणारा रुग्ण या तंत्राने लिहितो कसा? फारवेल आणि डोंचिन यांनी 1988 मध्ये मांडलेल्या पद्धतीत पडद्यावरील अक्षरांच्या ओळी आणि स्तंभ आळीपाळीने उजळतात, आणि हवे असलेले अक्षर उजळल्यावर सुमारे 300 मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठरावीक तरंग उठतो. यंत्र अक्षर वाचत नाही, कोणत्या उजळण्याला मेंदूने दाद दिली एवढेच ते टिपते. म्हणूनच सुरुवातीच्या प्रयोगांत मिनिटाला जेमतेम दोन-तीन अक्षरे लिहिली गेली. पक्षाघातानंतर हाताचा व्यायाम करविणाऱ्या अशाच एका साधनाला अमेरिकेच्या औषध नियामकाने 2021 मध्ये परवानगी दिली, परंतु तेथेही हालचालीची कल्पना करण्याचे कष्ट रुग्णालाच घ्यावे लागतात. अशा जोडणीसाठी कवटी उघडावीच लागते, हा समजही चुकीचा आहे. न्यूरालिंकसारख्या, मेंदूत तारा रोवणाऱ्या उपकरणांचा मार्ग वेगळा. एकाग्रता मोजण्याचा दावा करणारे बाजारातील कपाळपट्टे मात्र सावधपणे घ्यावेत, कारण पापणी लवली तरी मेंदूतरंगांहून मोठा संकेत उठतो.

तरंगांतून मन वाचता येते, या गैरसमजाची खरी किंमत महाराष्ट्रात दिसली. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत काम केलेल्या सी. आर. मुकुंदन यांनी विकसित केलेल्या बीईओएस (ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर) या मेंदूतरंगांच्या चाचणीत संशयिताला घटनेविषयीची वाक्ये ऐकवून, ती घटना त्याने प्रत्यक्ष अनुभवली आहे की नाही, हे तरंगांवरून ठरविता येते, असा दावा होता. जून 2008 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने खुनाच्या एका खटल्यात तरुणीला जन्मठेप ठोठावताना इतर पुराव्यांबरोबर या चाचणीचाही आधार घेतला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. ऐकलेली किंवा कल्पिलेली गोष्ट आणि स्वतः केलेली गोष्ट यांतील भेद टाळूवरच्या तरंगांतून खात्रीने काढता येतो, हे शास्त्रीय जगताने स्वीकारलेले नव्हते, आणि न्यायनिवाड्यात तरी त्यापुढे धाव घ्यायला नको होती. 5 मे 2010 रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशी चाचणी करणे, आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करू न देणाऱ्या घटनेच्या कलम 20(3) विरुद्ध ठरविले. संमती असली तरी चाचणीचा निष्कर्ष स्वतः पुरावा ठरत नाही, ऐच्छिक चाचणीतील माहितीवरून पुढे काही सापडले तर तेवढेच न्यायालयापुढे येऊ शकते.